कासवाची सर्दी: साकोलीकडच्या एका हिवाळ्याचा अनुभव

पूर्व विदर्भाचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण याच भागात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते आणि राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांत गोंदियाचे नाव वारंवार येते, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. आम्ही शेकोटी पेटवतो, गुरांच्या पाठीवर गोणपाटाचे बोरे बांधतो आणि रात्र काढतो. ज्या प्राण्याच्या शरीरात स्वतःची ऊब तयार होत नाही, ज्याची पचनशक्ती, हालचाल आणि रोगाशी लढण्याची ताकद भोवतालच्या तापमानावरच चालते, त्याचे अशा रात्री काय होते हे आमच्या घरातल्या कासवामुळे मला कळले.

हे कासव मूळचे आमचे नव्हे. धाकट्या बहिणीची नागपूरहून बदली झाली, नव्या घरात काचेची टाकी ठेवायला जागा नव्हती, तेव्हा भाचीने जिवापाड सांभाळलेले कासव टाकीसकट साकोली तालुक्यातील आमच्या गावी आले. ते रेड-इअर्ड स्लायडर जातीचे आहे; डोळ्यांमागे लाल पट्टा असतो, त्यावरून ओळखू येते. ही जात अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली, पाण्यात पोहणारी आणि उन्हात शेकण्यासाठी वर येणारी. आल्यापासून पावसाळाभर ते उत्तम होते. माणसाची चाहूल लागली की काचेशी येऊन पाय मारायचे आणि पालेभाजीचे पान टाकले की झडप घालून न्यायचे.

धानाची चुरणी आटोपली, थंडी वाढली आणि त्याचे खाणे कमी झाले. पाण्याचे तापमान वीस अंशांच्या खाली गेले की या जातीची भूक मंदावते, त्यामुळे एवढ्यावरून आजाराची शंका घेण्याचे कारण नव्हते. शंका आली ती पोहण्यावरून. पाण्यात ते सपाट तरंगेना. उजवी बाजू खाली आणि डावी वर, एका कडेने पाणी शिरलेल्या डोंग्यासारखे ते कलंडलेले दिसे. बुडी मारायला गेले तरी परत तसेच तिरपे वर येई. सासूबाईंनी मात्र त्याच्या तोंडाकडे पाहूनच निदान केले. "पाय व, याले सरदी झाली वाट्टे. नाक कसं वाहून रायलं." नाकपुड्यांशी खरोखर चिकट पाण्याचे फुगे होते, आणि ते शेकायच्या विटेवर कोरडे बसलेले असतानाही येत होते.

हा तपशील महत्त्वाचा आहे. पाण्यातून वर आलेल्या निरोगी कासवाच्या नाकातून एखाददुसरा फुगा येतो, त्याला काही अर्थ नसतो. कोरड्यावर बसलेले असताना पुन्हा पुन्हा फुगे येणे, नाकातून किंवा तोंडातून लाळेसारखी तार लोंबणे, मान लांब ताणून तोंड उघडून श्वास घेणे, श्वासाबरोबर बारीक शिट्टी किंवा टकटक ऐकू येणे, दिवसचे दिवस विटेवरून पाण्यात न उतरणे ही खरी लक्षणे आहेत. पापण्या सुजून डोळे मिटलेले असले तर आहारात जीवनसत्त्व 'अ' कमी पडल्याचा संशय घ्यावा लागतो, कारण त्याच्या अभावी डोळ्यांचे आणि श्वासमार्गाचे अस्तर जाड व निबर होते आणि जंतूंना वाट मिळते. आमच्या कासवाचे डोळे स्वच्छ होते. तोंड ते अधूनमधून उघडत होते, आणि तिरपेपणा तर स्पष्टच होता.

गावात सल्ल्यांची वाण नव्हती. कोणी ओव्याची धुरी द्यायला सांगितले, कोणी नाकाला बाम चोळायला. कासवाच्या फुप्फुसांना धूर आणि कापरासारखे उग्र वास दोन्ही बाधतात, म्हणून चुलीचा धूर जिकडे येतो त्या भिंतीपासून आम्ही टाकी उलट आणखी लांब नेली. कासव थंडीत झोपतेच, त्याला तसेच राहू द्यावे, असे म्हणणारेही होते. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे: त्यांच्या मूळ मुलुखात हे स्लायडर हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी जवळजवळ निश्चल राहतात. पण आजारी कासवाला तसे झोपू देणे म्हणजे त्याची उरलेली प्रतिकारशक्तीही बंद करणे होय; आणि आपल्याकडे दुपारी पंचवीस व पहाटे दहा अशी जी ना धड उबदार ना धड गोठवणारी हवा असते, तिच्यात कासवाचे शरीर मंद पडते आणि जंतू मात्र कामावर राहतात.

सगळ्यांत सोपा वाटणारा सल्ला होता, मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडून देण्याचा. आमच्याकडे मालगुजारीच्या काळातले तलाव गावोगाव आहेत, तेव्हा तो सुचणे साहजिक होते. परंतु हे परदेशी कासव आपल्या तलावात तगले तर देशी कासवांचे अन्न आणि शेकायच्या जागा बळकावते, आणि आजारी असले तर रोगही घेऊन जाते. उलट बाजूही त्याच ओघात सांगून टाकते. धानाच्या बांधीत, तलावात सापडणारी आपली देशी कासवे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ती घरी आणून पाळता येत नाहीत. असे कासव जखमी किंवा आजारी दिसले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. या लेखातले उपचार अशा कासवांवर घरी करून पाहण्यासाठी नाहीत.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर सरळ मनाचे निघाले. आपला हात गाई-म्हशी आणि शेळ्यांवर बसला आहे, कासवासाठी नागपूर गाठा, हे त्यांनी आधी सांगितले आणि मग तिथल्या एका परिचित पशुवैद्यांना स्वतः फोन लावला. निघताना त्यांनी एक ताकीद दिली, ती मी इथे मुद्दाम ठळकपणे लिहिते आहे. गोचिडांसाठी आणि जंतांसाठी गावोगाव जे आयव्हरमेक्टिन गुरांना टोचले जाते, ते कासवाला कोणी चुकूनही देऊ नये. त्याने कासवांना लकवा होतो आणि ती मरतात. गुरांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळणारे औषध एवढ्याशा जिवालाही चालेल, असे आपल्याकडे फार सहज धरले जाते.

नागपूरचा प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपासचा आहे. कासवाला पाण्यासकट न्यायचे नसते; आजारी कासव हिंदकळत्या पाण्यात दमते आणि बुडूही शकते. भोके पाडलेल्या खोक्यात ओलसर टॉवेल अंथरून त्यावर ते ठेवले, एका कडेला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून लावली आणि दुसरी कड मोकळी ठेवली, म्हणजे ऊब जास्त झाली तर त्याला सरकता यावे. एसटीत खिडकीची काच गच्च बंद ठेवण्यासाठी शेजारच्या प्रवाशाशी थोडी हुज्जत घालावी लागली. खोक्यात काय आहे हे कळल्यावर त्याने आपली शालही देऊ केली.

डॉक्टरांनी आधी कासव वजनकाट्यावर ठेवले. ते ६१० ग्रॅम भरले. मग एक्स-रे काढला, आणि तो पाहताना मला प्रथमच समजले की कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाला आतून लागून, अगदी वरच्या बाजूला असतात. म्हणून फक्त वरून काढलेल्या चित्रात बाकीचे अवयव त्यांच्यावर येऊन फारसे कळत नाही. समोरून आडवा किरण टाकून काढलेल्या चित्रात डावे-उजवे शेजारी शेजारी दिसते. आमच्या कासवाचे डावे फुप्फुस हवेने काळे दिसत होते आणि उजवे पांढुरके, म्हणजे स्रावाने भरलेले. कलंडण्याचे कारण तेच होते. फुप्फुसे ही पाण्यातल्या कासवाची तरंगण्याची साधने आहेत. ज्यातली हवा कमी होते ती बाजू खाली जाते. आपण सर्दी म्हणत होतो तो उजव्या बाजूचा न्यूमोनिया होता.

माणसाच्या सर्दीशी याचा संबंध नाही, हेही डॉक्टरांनी समजावले. त्याच आठवड्यात धाकटा मुलगा शिंकत होता आणि त्याचीच लागण कासवाला झाली, अशी सगळ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात कासवांतले असे आजार बहुतेकदा जिवाणूंमुळे होतात, आणि ते जिवाणू साध्या पाण्यात, मातीत आधीपासून असतात. गारठा, घाण पाणी, निकृष्ट आहार किंवा प्रवासाचा ताण यांनी शरीर ढेपाळले की ते आत शिरतात. एका कासवाकडून दुसऱ्याला मात्र लागण होऊ शकते, तेव्हा घरात दोन असतील तर आजारी कासवाची टाकी, जाळी, भांडी सगळे वेगळे हवे. शिवाय कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे त्याला जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. साचलेले आतच राहते. आपोआप बरे होईल म्हणून वाट पाहण्यात धोका आहे, तो या रचनेमुळे.

उपचारात सेफ्टाझिडिम या प्रतिजैविकाचे इंजेक्शन दर ७२ तासांनी द्यायचे ठरले, मात्रा वजनावरून काढलेली. पहिले तिथेच दिले, पुढच्यांसाठी तालुक्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी. इंजेक्शन पुढच्या पायाच्या स्नायूत द्यायचे असते, कारण कासवाच्या शरीराच्या मागच्या भागातले रक्त हृदयाकडे परतताना मूत्रपिंडांतून जाऊ शकते आणि तिथे औषध वाया जाते किंवा मूत्रपिंडांना इजा करते. गुरांसाठी सर्रास वापरले जाणारे एन्रोफ्लॉक्सासिन कासवांनाही देतात, पण ते टोचल्या जागी फार आग करते आणि कधी मांसही सडवते, म्हणून त्यांनी ते टाळले. जीवनसत्त्व 'अ'चे इंजेक्शन मी आपणहून विचारले. डोळे चांगले असताना ते देण्याचे कारण नाही, जास्त झाले तर कातडी सोलून निघते, असे उत्तर मिळाले.

मग त्यांनी जे सांगितले ते मला औषधाहून मोलाचे वाटते. पाणी २८ ते ३० अंश आणि शेकण्याची जागा ३२ ते ३५ अंश ठेवा, रात्रीसुद्धा ऊब मोडू देऊ नका. गार कासवाच्या अंगात इंजेक्शनही नीट भिनत नाही आणि त्याचे स्वतःचे रक्तही जंतूंशी लढत नाही. ज्या गावात रात्री लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथे या वाक्याचा अर्थ काय होतो हे शहरातल्या वाचकाला कदाचित चटकन कळणार नाही. आमचा खरा उपचार रात्री होता.

काचेची टाकी ओसरीतून आतल्या खोलीत आणली. काच ऊब झपाट्याने सोडते, म्हणून तीन बाजूंनी आणि खालून थर्माकोलचे पत्रे लावले, त्यांच्या बाहेर पोत्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, दाबून भरली. तणस आमच्याकडे फुकट आणि मुबलक असते, आणि दाबून भरली की ऊब चांगली धरते. एवढेच की ती दिव्यापासून आणि विजेच्या तारांपासून लांब राहील याची काळजी घ्यावी लागते. पाण्यात शंभर वॅटचा, ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारा हीटर बसवला. ढोबळ हिशेब लिटरला एक वॅट असा धरतात. हीटरची काच कासव धडकून फोडू शकते, म्हणून त्याभोवती भोके पाडलेला प्लॅस्टिकचा पाइप घातला. टाकीत हात घालण्याआधी आणि पाणी कमी करण्याआधी बटण बंद करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला बजावले. उघडा पडलेला तापलेला हीटर फुटतो.

पाण्यावरची हवाही उबदार हवी, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाणी २९ अंश आणि वर श्वास घ्यायला पहाटेची दहा अंशांची हवा, असे असेल तर आजारी फुप्फुसाला हीटरचा उपयोग अर्धाच होतो. टाकीवर थर्माकोलचे झाकण ठेवून एका कोपऱ्यात हवेसाठी फट सोडली, आणि दोन थर्मामीटर लावले, एक पाण्यात व एक वर हवेत. लाईन गेली की हीटर इन्व्हर्टरवर चाले. थंडीत पंखे बंद असल्याने शंभर वॅटचा भार इन्व्हर्टर बराच वेळ ओढतो. त्याचीही बॅटरी उतरली त्या रात्री चुलीवर पाणी तापवून बाटल्या भरल्या, त्या टाकीच्या पाण्यात तरंगत सोडल्या आणि वरून गोधडी टाकली. गरम पाणी थेट टाकीत ओतायचे नाही, कारण एकदम पाच-सहा अंशांचा फरकही आजारी प्राण्याला झेपत नाही. या जागरणाचा मोठा वाटा सासूबाईंनी उचलला. पहाटे चारला उठण्याची त्यांना तशीही सवय आहे.

पाणी बदलताना आमच्याकडची एक सोय कामी आली. बोअरचे पाणी जमिनीतून येते तेव्हा थंडीतही कोमट असते. तेच गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिले की बर्फासारखे होते. म्हणून पाणी सकाळी थेट बोअरच्या नळीतून घ्यायचे, हवे तेवढे गरम करायचे आणि थर्मामीटर बुडवून मगच वापरायचे. फुप्फुस भरलेले असताना खोल पाण्यात कासव दमून बुडू शकते, म्हणून पाणी त्याला उभ्याने मान वर काढता येईल एवढेच ठेवले. शिवाय दिवसाचे काही तास ते उबदार, कोरड्या टबात असे.

डॉक्टरांनी साध्या सलाइनची वाफही सुचवली होती. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात कासव ठेवून नेब्युलायझरची नळी एका भोकातून आत सोडायची, एवढाच तो प्रकार. यंत्र कासवासाठी वेगळेच घेतले. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेने १९७५मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री याच कारणासाठी बंद केली, कारण लहान मुले ती तोंडात घालत. त्यामुळे टाकीचे पाणी मोरीत किंवा भांडी घासायच्या जागी न ओतता परसातल्या पपईला घालायचे आणि हात साबणाने धुवायचे, हा नियम आजारपण नसतानाही घरात पाळला जातो.

खाण्याबाबत मी अधीर झाले होते. तोंड उघडून काही भरवावे का, असे फोनवर विचारले, तर ठाम नकार मिळाला: श्वास धड चालत नसताना भरवलेले अन्न भलत्या नळीत जाते, शिवाय पाण्याची ऊब टिकू लागली की भूक पुष्कळदा आपोआप जागी होते. तसेच झाले. आधी फुगे कमी झाले, नंतर तोंड उघडणे थांबले आणि एका दुपारी त्याने शेवग्याचा पाला ओढला. सगळ्यांना वाटले, झाले बरे. इंजेक्शने कशाला लांबवायची? पण कलंडणे अजून गेले नव्हते, म्हणजे उजव्या फुप्फुसात अजून काही शिल्लक होते, आणि बाहेरची लक्षणे आतल्या आजाराआधी निघून जातात. ठरलेली सगळी इंजेक्शने पूर्ण केली. तिरपेपणा सर्वांत शेवटी, फार हळू गेला, आणि त्यानंतरच्या एक्स-रेत दोन्ही बाजू सारख्या काळ्या दिसल्या.

आता त्याचे वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठराविक काळाने करतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. कवचामुळे कासव खंगलेले डोळ्यांना लवकर कळत नाही, काट्याला कळते. आहारात नुसते सुके झिंगे आणि दाणे न ठेवता शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर आणि तयार खाद्य असे मिश्रण असते, म्हणजे जीवनसत्त्व 'अ' पोटातूनच मिळते. सकाळचे कोवळे ऊन टोपल्यात बसवून, अर्ध्या भागावर सावली करून देतो. काचेतून येणाऱ्या उन्हात हाडांना आणि कवचाला लागणारे अतिनील किरण गाळले जातात, शिवाय उन्हात ठेवलेली काचेची टाकी पाहता पाहता तापते. ढगाळ आठवड्यासाठी अतिनील किरणांचा वेगळा दिवा आहे. टोपल्याजवळ कोणीतरी बसावेच लागते. कावळे आणि मुंगूस यांना अंगणात मज्जाव करता येत नाही.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. हीटर काढून ठेवायचा आणि पाणी तिसाच्या फार वर जाणार नाही एवढे पाहायचे. कूलर खोलीत लावला तर त्याचा झोत टाकीवर येऊ द्यायचा नाही, कारण ओल्या अंगावर सतत गार वारा बसला की मे महिन्यातही छाती भरू शकते. दिवाळी संपली की हीटर आधी बादलीत लावून थर्मामीटरने ताडून पाहतो, थर्माकोलचे पत्रे माळ्यावरून खाली येतात, आणि नव्या धानाची तणस घरी आली की पहिली दोन पोती टाकीसाठी बाजूला निघतात.